होस्टिंगच्या कंट्रोल पॅनेलमधून वेबसाइटचा आपोआप बॅकअप कसा लावायचा

होस्टिंग घेतलं, वर्डप्रेस बसवलं, दोन-चार पानं लिहून झाली, की लगेच बॅकअप लावून घ्यावा. रंगसंगती, लोगो, प्लगिन हे सगळं त्यानंतर. हा क्रम मुद्दाम सांगण्याचं कारण असं, की उभारणी चालू असताना साइट फार सहज मोडते. प्लगिनचं अपडेट अर्ध्यात अडकतं, फाइल मॅनेजरमध्ये भलतंच फोल्डर पुसलं जातं, थीमच्या फाइलमध्ये एक अर्धविराम राहून जातो आणि पानाच्या जागी नुसता पांढरा पडदा दिसायला लागतो. कालची प्रत हाताशी असेल तर हे थोड्या वेळात निस्तरतं. नसेल तर सगळं पहिल्यापासून.

खाली सांगितलेली पद्धत कंट्रोल पॅनेल (ब्राउझरमधून होस्टिंग सांभाळायचं पान) असलेल्या साध्या शेअर्ड होस्टिंगसाठी आहे, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट असतात तशा. कमांड लिहिता येण्याची गरज नाही. सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या. प्रत तयार झाली म्हणजे अर्धंच काम झालं. ती सर्व्हरच्या बाहेर पोचली पाहिजे, आणि तिच्यातून साइट पुन्हा उभी राहते हे तुम्ही स्वतः एकदा करून पाहिलं पाहिजे.

होस्टिंग कंपनी बॅकअप घेतेच की!

घेते, बऱ्याचदा. पण तो मुख्यतः कंपनीच्या सोयीसाठी असतो: त्यांचा सर्व्हर कोसळला तर त्यांना तो परत उभा करता यावा म्हणून. तुमच्या चुकीने तीन आठवड्यांपूर्वी पुसलेलं पान त्यात सापडेलच असं नाही. बहुतेक कंपन्यांच्या सेवा-अटींत 'बॅकअपची अंतिम जबाबदारी ग्राहकाची' अशा अर्थाचं कलम असतं. ते शोधून वाचा. किती दिवसांच्या प्रती ठेवतात, आणि परत आणून द्यायचे वेगळे पैसे लागतात का, हेही तिथे किंवा सपोर्टला विचारून कळतं.

प्रती कुठे ठेवल्या जातात, हा प्रश्न तर विचाराच. 10 मार्च 2021 रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएचक्लाउड या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. एक इमारत पूर्ण जळाली, शेजारच्या इमारतीचाही काही भाग गेला. ज्यांच्या साइट आणि त्यांचे बॅकअप दोन्ही त्याच आवारात होते, त्यांचं दोन्ही गेलं. म्हणून कंपनीचा बॅकअप असला तरी तो जादाचा समजा. आपला स्वतःचा वेगळा हवाच.

नेमकी कशाची प्रत घ्यायची?

वर्डप्रेससारख्या साइटचे दोन भाग असतात, आणि नवख्यांचा घोटाळा बहुधा इथेच होतो. एक भाग फाइलींचा: 'पब्लिक_एचटीएमएल' या फोल्डरमधलं सगळं. त्यात वर्डप्रेसच्या मूळ फाइली असतात, त्या कधीही नव्याने उतरवता येतात. खरा ऐवज 'डब्ल्यूपी-कंटेंट' फोल्डरमध्ये असतो, म्हणजे तुम्ही चढवलेले फोटो, थीम आणि प्लगिन. 'डब्ल्यूपी-कॉन्फिग' ही छोटी फाइलही महत्त्वाची, कारण डेटाबेसचं नाव, युजर, पासवर्ड आणि टेबलांच्या नावांचा उपसर्ग त्यात लिहिलेला असतो.

दुसरा भाग डेटाबेसचा. तुम्ही लिहिलेले लेख, पानं, वाचकांच्या प्रतिक्रिया, सभासदांची खाती, ऑर्डरी, सेटिंग, हे सगळं तिथे असतं. 'पब्लिक_एचटीएमएल' कितीही वेळा डाउनलोड केलं तरी त्यात तुमच्या लेखातलं एक वाक्यही येत नाही. फाइली आणि डेटाबेस दोन्ही हवेत, आणि शक्यतो एकाच वेळचे हवेत.

याशिवाय त्याच होस्टिंगवर ईमेल चालत असेल तर पत्रपेट्या वेगळ्या फोल्डरमध्ये असतात, त्यांचाही विचार करा. डीएनएसच्या नोंदींचा (डोमेनचं नाव कोणत्या सर्व्हरकडे जातं ते सांगणाऱ्या) एक स्क्रीनशॉट घेऊन ठेवला तरी पुरतो.

आपलं पॅनेल कोणतं ते ओळखा

पॅनेलमध्ये शिरल्यावर ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत शेवटी जो आकडा दिसतो, त्यावरून बहुधा कळतं. 2083 असेल तर सीपॅनेल, 8443 असेल तर प्लेस्क, 2222 असेल तर डायरेक्टॲडमिन. काही कंपन्यांनी स्वतःचं पॅनेल बनवलेलं असतं. तिथे बटणांची नावं वेगळी असतील, पण पुढचं तर्कशास्त्र तेच राहतं.

आधी एक प्रत हाताने घ्या

वेळापत्रक लावण्याआधी एक प्रत हाताने घेतली की पुढच्या प्रयोगांची धास्ती राहत नाही. सीपॅनेलमध्ये 'फाइल्स' विभागात 'बॅकअप' आणि 'बॅकअप विझार्ड' असे दोन पर्याय दिसतील. नवख्यांनी विझार्ड घ्यावा.

तिथे 'फुल बॅकअप' हे बटण मोहात पाडतं. दाबायला हरकत नाही, पण त्याची एक मर्यादा आधी माहीत हवी: ही पूर्ण प्रत तुम्हाला स्वतःला सीपॅनेलमधून परत बसवता येत नाही. ते काम होस्टिंग कंपनीच करू शकते, तिच्याकडच्या डब्ल्यूएचएम या वरच्या पॅनेलमधून. कंपनी बदलताना ही प्रत फार कामाची. रोजच्या अडचणीसाठी मात्र खालचे सुटे पर्याय घ्या, म्हणजे 'होम डिरेक्टरी' आणि 'मायएसक्यूएल डेटाबेसेस'. दोन्ही एकामागोमाग डाउनलोड करा आणि तारखेच्या नावाचं फोल्डर करून आपल्या संगणकावर ठेवा. हे दोन्ही विझार्डमधूनच परतही चढवता येतात.

आता एक निराशेची गोष्ट. सीपॅनेलच्या या पानावर 'रोज आपोआप घ्या' असं बटण ग्राहकाला मिळत नाही. वेळापत्रकाची सोय कंपनीच्या बाजूला असते. म्हणून आपल्याला सीपॅनेलच्या आतल्या दुसऱ्या साधनाकडे वळावं लागतं.

सीपॅनेलमध्ये आपोआप: सॉफ्टॅक्युलसचा मार्ग

एका क्लिकवर वर्डप्रेस बसवून देणारं सॉफ्टॅक्युलस अनेक होस्टिंगवर असतं. ते फक्त बसवण्यापुरतं आहे असं बऱ्याच जणांना वाटतं, पण बॅकअपचं वेळापत्रकही त्यात आहे. नवख्यांसाठी मला हाच मार्ग सगळ्यात सरळ वाटतो.

पहिली पायरी बाहेरची जागा जोडण्याची. सॉफ्टॅक्युलस उघडा, त्याच्या सेटिंगमध्ये 'बॅकअप लोकेशन्स' शोधा आणि नवी जागा जोडा. गूगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स, ॲमेझॉन एसथ्री (ॲमेझॉनची भाड्याची साठवण), एफटीपी आणि एसएफटीपी (दुसऱ्या सर्व्हरवर फाइली पाठवायच्या पद्धती) असे पर्याय मिळतात. कोणते ते होस्टिंगवर आणि आवृत्तीवर अवलंबून. गूगल ड्राइव्ह निवडलं तर परवानगीचं पान उघडेल, तिथे मंजुरी द्या. शक्य असेल तर रोजच्या वापराचं खातं न देता बॅकअपसाठी वेगळं खातं काढा. गूगलच्या फुकट खात्यात 15 जीबी जागा मिळते, पण ती जीमेल आणि फोटो यांच्यातही वाटली जाते. रोजच्या खात्यात प्रती साठत गेल्या, तर एक दिवस जागा संपते आणि बॅकअपही बंद पडतो.

दुसरी पायरी. 'ऑल इन्स्टॉलेशन्स' या यादीत जा, तुमच्या साइटसमोर पेन्सिलचं चिन्ह असेल ते दाबा. तपशिलाच्या पानावर खाली 'बॅकअप लोकेशन', 'ऑटोमेटेड बॅकअप्स' आणि 'ऑटोमेटेड बॅकअप्स रोटेशन' असे तीन रकाने आहेत. पहिल्यात आत्ता जोडलेली बाहेरची जागा निवडा. ती निवडायची राहून गेली तर प्रती तुमच्याच होस्टिंगच्या जागेत साठत राहतात, आणि हीच चूक सर्रास होते. दुसऱ्यात रोज, आठवड्याला किंवा महिन्याला. तिसऱ्यात किती प्रती ठेवायच्या तो आकडा. तो भरला की नवी प्रत आली की सगळ्यात जुनी पुसली जाते. मग सेव्ह करा.

वर्डप्रेस तुम्ही हाताने बसवलं असेल तर साइट या यादीत दिसणार नाही. तेव्हा सॉफ्टॅक्युलसच्या वर्डप्रेस पानावर 'इम्पोर्ट'चा पर्याय आहे, त्यातून ती आधी यादीत आणा. आणि 'ऑटोमेटेड बॅकअप्स' हा रकानाच दिसत नसेल तर कंपनीने ती सोय बंद ठेवलेली असू शकते. सपोर्टला एक ओळ लिहून विचारा.

या मार्गाची मर्यादा अशी, की इथे फक्त त्या साइटचं फोल्डर आणि तिचा डेटाबेस येतो. ईमेल आणि त्याच होस्टिंगवरच्या बाकीच्या गोष्टी येत नाहीत.

जेटबॅकअप दिसत असेल तर

काही कंपन्या सीपॅनेलमध्ये जेटबॅकअप देतात. त्याचं वेळापत्रक साधारणपणे कंपनीच ठरवते. तुम्हाला तारखांची यादी दिसते आणि त्यातून हवी ती फाइल, हवा तो डेटाबेस किंवा ईमेलचं खातं सुटं परत आणता येतं. चुकून पुसलेल्या एका फोल्डरसाठी हे साधन उत्तम आहे. दर महिन्याला त्यातली एक पूर्ण प्रत उतरवून आपल्याकडे ठेवा, कारण मूळ प्रती कंपनीच्याच ताब्यात असतात.

प्लेस्कमध्ये

प्लेस्कवाल्यांचं काम जास्त सोपं, कारण वेळापत्रक मुख्य पॅनेलमध्येच आहे. 'वेबसाइट्स अँड डोमेन्स'मध्ये 'बॅकअप अँड रिस्टोअर' उघडा. जुन्या आवृत्तीत त्याचं नाव 'बॅकअप मॅनेजर' आहे. आधी 'रिमोट स्टोरेज सेटिंग्ज'मध्ये बाहेरची जागा जोडा. मग 'शेड्यूल' दाबा, वेळापत्रक चालू करणाऱ्या चौकटीत खूण करा, आणि रोज की आठवड्याला, किती वाजता ते भरा.

पुढे पूर्ण आणि इन्क्रिमेंटल असे दोन प्रकार विचारले जातील. इन्क्रिमेंटलमध्ये मागच्या प्रतीनंतर बदललेल्या फाइलीच घेतल्या जातात, त्यामुळे जागा आणि वेळ वाचतो. डेटाबेस मात्र दर वेळी पूर्ण घेतला जातो. आठवड्याला एक पूर्ण आणि मधल्या दिवशी इन्क्रिमेंटल ही मांडणी बहुतेक साइटना जमते. मधली प्रत एकटी कामाची नसते, तिच्या मागची पूर्ण प्रतही लागते. त्यामुळे जागा करायला म्हणून हाताने फाइली पुसत बसू नका. 'जास्तीत जास्त किती पूर्ण प्रती' हा आकडा द्या आणि साफसफाई प्लेस्कवर सोडा.

त्याच पानावर बॅकअप चालू असताना साइट थांबवून ठेवण्याची चौकट असते. वाचक येत असलेल्या साइटसाठी ती रिकामी सोडा. चूक झाल्यास ईमेल पाठवण्याची चौकट मात्र नक्की भरा.

डायरेक्टॲडमिनमध्ये साध्या ग्राहकाला 'क्रिएट/रिस्टोअर बॅकअप्स' मिळतं, पण ते हाताने. वेळापत्रक वरच्या पातळीच्या खात्याकडे असतं. तिथेही सॉफ्टॅक्युलस दिलेलं असेल तर वरचाच मार्ग धरा.

यातलं काहीच नसेल तर

मग वर्डप्रेसमधलं अपड्राफ्टप्लससारखं बॅकअप प्लगिन वापरा. एक गोष्ट ध्यानात ठेवा: वर्डप्रेसचं स्वतःचं वेळापत्रक घड्याळावर चालत नाही. कुणीतरी साइट उघडली की ते तपासलं जातं. ज्या साइटवर फारसं कुणी येत नाही, तिथे पहाटेचा बॅकअप दुपारी होतो. पॅनेलमधल्या 'क्रॉन जॉब्स' (ठरलेल्या वेळी काम आपोआप चालवणारी सोय) विभागातून वर्डप्रेसची 'डब्ल्यूपी-क्रॉन' फाइल ठराविक वेळाने चालवली की ही अडचण सुटते.

क्रॉनचे पाच रकाने असतात: मिनिट, तास, महिन्यातली तारीख, महिना, वार. '30 2 * * *' म्हणजे रोज रात्री अडीच वाजता. '30 2 * * 0' म्हणजे फक्त रविवारी. ही वेळ सर्व्हरच्या घड्याळाची असते. अनेक सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर चालतात, तेव्हा तुमच्या घड्याळाशी हिशोब जुळवून मगच आकडे भरा.

किती वेळा आणि किती जुन्या प्रती?

'किती वेळा' याचं उत्तर एका प्रश्नात आहे: किती तासांचं काम पुन्हा करावं लागलं तर चालेल? महिन्यातून एक लेख येणाऱ्या साइटला आठवड्याची प्रत पुरते. रोज ऑर्डरी येत असतील तर रोजचीसुद्धा कमी पडू शकते. तिथे डेटाबेस दिवसातून अनेकदा आणि फाइली एकदा, असं वेगळं लावावं. वेळ निवडताना वाचक कमी असतील ती घ्या, आणि बरोबर बारा किंवा एक वाजताची टाळा. अनेक जण तेच आकडे भरतात, आणि शेअर्ड सर्व्हरवर सगळ्यांचं ओझं एकदम पडतं.

जुन्या प्रतींकडे मात्र फार दुर्लक्ष होतं. साइटमध्ये कुणी घुसून दुष्ट कोड टाकला तर ते त्याच दिवशी कळत नाही. कधी महिन्यानंतर कळतं. तुम्ही फक्त शेवटच्या सात दिवसांच्या प्रती ठेवत असाल, तर त्या सातही बाधित निघतात. म्हणून रोजच्या 7, आठवड्याच्या 4 आणि महिन्याच्या 6 अशा प्रती ठेवाव्यात असं माझं मत आहे. जागेचा हिशोब सोपा: साइट आणि डेटाबेस मिळून दाबून बांधलेली प्रत 800 एमबीची असेल तर 17 प्रतींना साधारण 13.6 जीबी लागतात. तेवढी जागा नसेल तर रोजच्या प्रती कमी करा, महिन्याच्या नको. ज्या साधनात एकच वेळापत्रक लावता येतं, तिथे दर महिन्याच्या पहिल्या तारखेला एक प्रत हाताने उतरवून वेगळी ठेवा.

प्रत अवाढव्य होत असेल तर आधी कॅशेचं (पानं लवकर उघडावीत म्हणून ठेवलेल्या तात्पुरत्या फाइलींचं) फोल्डर आणि लॉगच्या (सर्व्हरच्या नोंदींच्या) फाइली वगळा. तुमच्याच जुन्या बॅकअपचं फोल्डर नव्या बॅकअपमध्ये शिरत नाही ना, हेही बघा. शिरत असेल तर प्रत दर दिवशी फुगत जाते आणि आठवड्याभरात होस्टिंगची जागा संपते.

प्रत चोरीला जाऊ देऊ नका

बॅकअपच्या एका फाइलीत तुमची अख्खी साइट असते: सभासदांचे ईमेल, पासवर्डचे हॅश (सांकेतिक रूपं), डेटाबेसचा पासवर्ड. ती 'पब्लिक_एचटीएमएल'च्या आत कधीही ठेवू नका. तिथे ठेवलेली फाइल नाव ओळखलं तर कुणीही ब्राउझरने उतरवू शकतो, आणि 'बॅकअप.झिप' सारखी नावं धुंडाळत फिरणारे प्रोग्राम इंटरनेटवर सतत चालू असतात. बाहेरच्या जागेच्या खात्याला दुहेरी पडताळणी लावा. साध्या एफटीपीत पासवर्ड उघडा जातो, त्याऐवजी एसएफटीपी घ्या.

आणखी एक: पॅनेल ज्याच्या हाती गेलं, त्याच्या हाती पॅनेलला जोडलेली बाहेरची जागाही जाते. तो तिथल्या प्रतीही पुसू शकतो. महिन्यातून एकदा उतरवलेली, कुठल्याही सर्व्हरला न जोडलेल्या डिस्कवरची प्रत इथे कामाला येते.

आता परत आणून बघा

बॅकअप लावल्यावर आठवड्याभरात हे करा, आणि पुढे दर दोन-तीन महिन्यांनी. नुसती फाइल ड्राइव्हमध्ये दिसते म्हणून निर्धास्त होणं किती महागात पडतं, हे गिटलॅब या कंपनीने स्वतःच जाहीरपणे सांगितलं आहे. 31 जानेवारी 2017 रोजी त्यांच्या एका अभियंत्याने दुसरा सर्व्हर समजून मुख्य डेटाबेसचं फोल्डर पुसलं. बॅकअपच्या अनेक तऱ्हा लावलेल्या होत्या. पण डेटाबेसची प्रत काढणारं साधन जुळत नसलेल्या आवृत्तीचं असल्यामुळे रोज अपयशी ठरत होतं. ते कळवणारे ईमेलही वाटेतच नाकारले जात होते, आणि ॲमेझॉन एसथ्रीवरची जागा रिकामी निघाली. सुमारे सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतलेली एक प्रत होती, म्हणून बरंचसं वाचलं. मधल्या सहा तासांतला डेटाबेस गेला तो गेलाच.

तालमीची रीत अशी. पॅनेलमधून एक सबडोमेन (तुमच्या डोमेनच्या पुढे शब्द जोडून केलेला वेगळा पत्ता) उघडा, त्याला पासवर्ड लावा, म्हणजे शोधयंत्रं आणि बाहेरचे लोक तिथे पोचणार नाहीत. नवा रिकामा डेटाबेस आणि त्याचा युजर तयार करा. बाहेरच्या जागेतून एक प्रत उतरवा, फाइली सबडोमेनच्या फोल्डरमध्ये टाका, आणि डेटाबेसची फाइल पीएचपीमायॲडमिन या पॅनेलमधल्या डेटाबेस हाताळायच्या साधनातल्या 'इम्पोर्ट'ने नव्या डेटाबेसात भरा. तिथे फाइलीच्या आकाराची मर्यादा आडवी आली तर ती दाबून बांधलेल्या रूपात चढवा.

मग 'डब्ल्यूपी-कॉन्फिग' उघडून त्यात नव्या डेटाबेसचं नाव, युजर आणि पासवर्ड लिहा. ही पायरी चुकवू नका. जुनी नावं तशीच राहिली तर तालमीची साइट खऱ्या डेटाबेसला जोडली जाईल, आणि तिथे केलेला प्रत्येक बदल खऱ्या साइटवर उमटेल. शेवटी नव्या डेटाबेसातल्या 'ऑप्शन्स' टेबलमध्ये साइटचा पत्ता दोन ठिकाणी असतो, तो सबडोमेनचा करा. नाहीतर ब्राउझर तुम्हाला खऱ्या साइटवरच नेऊन सोडेल आणि सगळं ठीक आहे असा भास होईल.

साइट उघडली की पहिल्या पानावर समाधान मानू नका. सगळ्यात नवा लेख आहे का? त्यातले फोटो दिसतात का? देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं तर आली नाहीत ना? तशी आली असतील तर प्रत घेताना किंवा भरताना अक्षरसंच चुकला आहे. तो दोन्हीकडे 'यूटीएफ8एमबी4' असायला हवा. मराठी साइटसाठी ही तपासणी मी सगळ्यात वरची मानेन, कारण साइट बाहेरून धडधाकट दिसते आणि मजकूर मात्र गेलेला असतो. हे सगळं बघून झालं की सबडोमेन आणि तालमीचा डेटाबेस दोन्ही काढून टाका. विसरलेली, अपडेट न होणारी वर्डप्रेसची प्रत म्हणजे घुसखोरांसाठी सोपी वाट.

रोजच्या वापरातल्या दोन सवयी

वर्डप्रेस, थीम किंवा मोठं प्लगिन अपडेट करण्याआधी वेळापत्रकाची वाट न पाहता एक प्रत हाताने घ्या. रात्रीची प्रत जुनी नसते, पण सकाळपासून आलेल्या प्रतिक्रिया आणि ऑर्डरी तिच्यात नसतात. बॅकअपचे ईमेल येणं बंद झालं तर 'सगळं ठीक असेल' असं समजू नका. त्याच दिवशी बाहेरच्या जागेत जाऊन शेवटच्या फाइलीची तारीख आणि आकार बघा. रोज 800 एमबीची येणारी प्रत अचानक 3 एमबीची झाली असेल, तर ती अर्धवट आहे.

आणि एक कागद तयार करा, किंवा पासवर्ड मॅनेजरमध्ये एक नोंद. प्रती कुठे आहेत, ते खातं कोणत्या ईमेलने उघडतं, दुहेरी पडताळणीचे राखीव कोड, प्लेस्कच्या प्रतीला पासवर्ड लावला असेल तर तो, डोमेन कुणाकडे नोंदवलंय आणि परत आणण्याच्या पायऱ्या, तुम्ही केल्या त्या क्रमाने. ही नोंद त्याच होस्टिंगवरच्या ईमेलमध्ये ठेवू नका, कारण साइट बंद पडते तेव्हा ती पत्रपेटीही बहुधा बंद असते. बाहेरच्या जागेचं खातंही त्याच डोमेनच्या ईमेलवर काढलेलं असेल, तर आजच ते दुसऱ्या पत्त्यावर बदलून घ्या.